उपरण्याखालचा भाव

भागुजी तात्यांनी माझ्याकडून पहिलं पुस्तक घेतलं, तेव्हा आधी त्याचा जबडा उघडला. खोटं नाही सांगत. डाव्या हातात पुस्तक धरलं, उजव्या अंगठ्याने पुठ्ठा वर ढकलला, आत डोकावले आणि म्हणाले, "अक्षर बारीक हाय. हे जुळलेलं दिसतंय. आमाला दोनदाती दाखवा, मास्तर."

तात्या घोडेगावच्या बाजारातले बैलांचे दलाल. जनावराचं वय दातांवरून सांगणारा माणूस पुस्तकाचेही दात बघणारच. मी प्राथमिक शाळेत मास्तर, आणि संध्याकाळी गावचं वाचनालय उघडून बसायचो. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि त्यातल्या एकाला न लागणारं दार. तिथे तात्यांची भाषा शिकायला मला महिना लागला. 'जुळलेलं' म्हणजे तोंडात सगळे दात आलेलं, अर्थात मोठ्या माणसांची जाडजूड सामाजिक कादंबरी. 'दोनदाती' म्हणजे कुमारांसाठीची गोष्ट, तेरा-चौदा वर्षांची पोरं, जादू, राक्षस, उडते घोडे. "त्या वयाचं खोंड लई बुजतं," तात्या म्हणायचे, "पन त्याच वयात त्याला वळन लागतं. म्हनून त्ये वाचायचं."

एका वेळी एक पुस्तक, हा आमचा नियम. तात्यांना तो मान्य नव्हता. एकट्या बैलावर कसली शेती? त्यांनी काकूंच्या नावाने दुसरं सभासदत्व घेतलं. काकूंना अक्षरओळख नव्हती. पण जोडी पूर्ण झाली. एक दोनदाती, एक जुळलेलं. त्यातही उंचीला सारखी हवीत. एकदा एक कादंबरी बोटभर बुटकी निघाली तर म्हणाले, "जू तिरपं बसंल," आणि परत ठेवली. मी कपाळाला हात लावला.

तात्या चौथी पास होते. वाचताना बोट ओळीखाली चालायचं आणि ओठ बोटाच्या मागून. पण वाचून झालं की त्यांचा अभिप्राय तयार. आणि तो द्यायची पद्धत जगात कुठल्या टीकाकाराकडे नसेल!

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल समोरच्याचा हात धरतो, वर उपरणं टाकतो, आणि आत बोटं दाबून आकडा ठरतो. बघणाऱ्याला नुसतं उपरणं हललेलं दिसतं. तात्या मला पुस्तकाची किंमत तशीच सांगायचे. टेबलावर हात पुढे करायला लावायचे, खांद्यावरचं उपरणं त्यावर टाकायचे आणि माझी बोटं दाबायचे. एक बोट म्हणजे भाकड. दोन म्हणजे चालेल. तीन म्हणजे बरं. चार म्हणजे तात्या दोन दिवस त्याच पुस्तकाचं बोलणार. पाच बोटं कुणालाच मिळाली नव्हती.

"अहो, तोंडाने सांगा ना," मी पहिल्यांदा वैतागून म्हणालो. "इथे कोण ऐकतंय?"

"बाजाराचा कायदा हाय, मास्तर. खोड झाकायची न्हाई आन् भाव बोलायचा न्हाई. ह्या पुस्तकाला भागुजीनं एकच बोट दिलं म्हनून गावभर झालं, तर पुन्हा कुनी हात लावंल का त्याला? लिवनारा बी पोटासाठीच लिवतो ना, लेकाचा!"

भाव झाकायचा, पण खोड, म्हणजे दोष, मात्र खणखणीत आवाजात सांगायची. मी पुण्याहून मोठ्या हौसेने एक नव्या धाटणीची कादंबरी मागवली होती. नायक शहरातल्या खोलीत एकटा राहतो आणि विचार करतो. तात्या चौथ्या दिवशी हजर.

"मास्तर, ह्यो मानूस आजारी हाय का?"

"आजारी नाही हो, त्याला जगण्याचा अर्थ कळत नाहीये."

"नसंल कळत. पन खिडकीतनं बाजूला तर होईल? साठ पानं झाली, हाय तिथंच उभा. दावनीचं जनावर सुदिक इतका येळ उभं ऱ्हात न्हाई. आन् त्याला भाकरी कोन घालतंय, ते बी कुटं लिवलं न्हाई." उपरण्याखाली एक बोट. तेसुद्धा करंगळी. मला राग आला होता, कबूल करतो. ती कादंबरी मी लोकांना आवर्जून वाचायला सांगत होतो. नंतर घरी जाऊन पुन्हा उघडली आणि काय सांगू, मलाही तो खिडकीतला माणूस दिसेना, त्याचे दुखरे पाय दिसायला लागले.

जादूच्या गोष्टींनाही सूट नव्हती. "राजपुत्र सात दिवस, सात रात्री घोडा पळवतो. वैरन न्हाई, पानी न्हाई, पाठ चोळली न्हाई. ह्याच्या हाती राज्य द्यायचं व्हय?"

"तात्या, जादूचा घोडा आहे तो."

"जादू उडायला लागती, मास्तर. भुकेला जादू नसती."

राक्षसांबद्दल मात्र त्यांना आतून माया होती. एकटाच डोंगर राखतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि शेवटी मारतात त्यालाच. आणि शहरातली एक सुशिक्षित बाई तीनशे पानं उदास असते, अशी एक कादंबरी होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "बाई उदास हाय, समजलं. पन येवढ्या मोठ्या घरात तिला कुनी इचारलं न्हाई का, की बाये, तुला काय पायजे?" त्या दिवशी तीन बोटं दिली. मला वाटलं होतं, एकावरच भागेल.

आता खरी गोष्ट सांगतो. तात्या माझ्याकडे वाचनाच्या आवडीने आलेच नव्हते. ते एक पुस्तक शोधत होते. नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. पुठ्ठ्यावर पांढरा घोडा, त्याला पंख, पाठीवर पोरगी, मागे डोंगर. एवढंच. मी घोड्याचं म्हणून जे पुस्तक काढीन, त्याचा आधी पुठ्ठा बघायचे, मान हलवायचे आणि तरी ते घेऊन जायचे. "आलोच हाय तर वाचतो."

पुस्तक त्यांच्या मुलीचं, एवढं मला ठाऊक होतं. मंजुळा माझीच विद्यार्थिनी. हुशार, डोळ्यांत सारखं काहीतरी चाललेलं. सातवीनंतर तात्यांनी तिला शाळेतून काढली आणि पंधराव्या वर्षी पाथर्डीकडे दिली. सासरचे लोक ऊसतोडीला जाणारे, तीही जायची. वर्षातून एकदा पंचमीला माहेरी आली की आईशी पोटभर बोलायची. बापाशी फक्त "भाकरी वाढू का?" तात्या म्हणाले होते, "त्ये पुस्तक घावलं की बोलंल ती." हे एका पुस्तकाने कसं होणार, ते मी विचारलं नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बाजारात जनावरं मावेनात आणि गिऱ्हाईक दिसेना. तात्या दुपारीच वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसायचे. कुमारांचं कपाट संपत आलं होतं. एक दिवस पुस्तक न उघडताच म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं मेलेल्या पुस्तकांची नोंद असती का?"

"गहाळ पुस्तकांची असते. का हो?"

"त्ये पुस्तक मीच मारलंय."

आणि सांगितलं. मंजुळाला बघायला पाहुणे आलेले, ओट्यावर बसलेले. आत चहा व्हायचा होता आणि ही चुलीपुढे बसून आईला पुस्तक वाचून दाखवत होती. घोडा पोरीला घेऊन उडतो, डोंगरावर त्याचा पंख मोडतो, दोघं दरीत पडतात, इथवर तात्यांनी दारातून ऐकलं. मग आत गेले, पुस्तक हिसकावलं आणि गोठ्यातल्या हौदात फेकलं. "लगीन ठरलं त्याच दिवशी. पोर रडली न्हाई का बोलली न्हाई. तिची गोष्ट दरीतच ऱ्हायली, मास्तर. पुढं काय झालं त्ये तिला कळलंच न्हाई. खोड झाकायची न्हाई म्हनून जगाला सांगतो आन् माझी मी चार वर्सं झाकली."

मी जुनं रजिस्टर काढलं. नोंद सापडली, माझ्याच अक्षरात. पुस्तक गहाळ, सभासद मंजुळा. आणि ती नोंद केली तो दिवस मला धाडकन आठवला. सातवीचा वर्ग. मंजुळा मान खाली घालून उभी. "हरवलं, गुरुजी." आणि मी तिला सगळ्या वर्गासमोर फाडफाड बोललो होतो. पुस्तकाची किंमत कळत नाही, म्हणालो होतो. मंजुळाला!

तात्यांना ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "माजं नाव न्हाई घेतलं तिनं?"

"नाही."

उपरण्याने तोंड पुसत ते उठून गेले.

रजिस्टरवरून पुस्तकाचं नाव कळलं, तसं मी पुण्याला प्रकाशकांना पत्र टाकलं. पुस्तक शिल्लक नाही, पुन्हा छापायचा विचार नाही, असं कार्ड आलं. ते पुस्तक मी स्वतः वाचलं नव्हतं. मोठा साहित्याचा भोक्ता मी, पोरांची पुस्तकं कशाला वाचतोय! शेवट गावात कुणालाच ठाऊक नव्हता. तात्यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मग आता आपनच केला पायजे."

कपाटभर पुस्तकं वाचलेला माणूस तो, अधिकार होताच. त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला, शेतं हिरवी झाली आणि तात्या दर दोन दिवसांनी नवा शेवट घेऊन यायला लागले. पहिल्या शेवटात राजपुत्र येतो आणि पोरीशी लग्न करतो. सांगतासांगताच थांबले. "लगीन नको." दुसऱ्यात पोरीचा बाप दरीत उतरून दोघांना वर काढतो. तो मला आवडला होता. तात्यांनी स्वतःच खोड काढली, "खोटं हाय. बाप न्हाई आला."

पंचमीच्या आदल्या दिवशी मात्र आले, ते आत येताच म्हणाले, "घावला. उद्या जेवायला या. मला एकट्याला बोलायला जमायचं न्हाई."

पंचमीला पुरणाची दिंडं होती. मंजुळा आली होती. उन्हाने रापलेली, हाताला कोयत्याचे घट्टे, कडेवर वर्षाचं पोर. मला वाकून नमस्कार केला. जेवणं झाल्यावर ओसरीवर तात्या खांबाला टेकले आणि माझ्याकडे बघतच बोलू लागले, मुलीकडे बघायची हिंमत नव्हती. "मास्तर, त्या घोड्याचं फुडं काय झालं, ठावं हाय का? दरीत पडला ना, तर पोरगी घाबरली न्हाई. तिनं बांबूच्या कामट्या बांधल्या, हळद भरली. रोज हिरवं गवत कापून घातलं, झऱ्याचं पानी पाजलं. पंख बसायला बरेच दिस गेले. मग घोडा उठला. आन् त्यानं मान वळवून इचारलं, पोरी, आता तुला कुटं जायाचं?" तात्यांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं. "तिला इचारलं, मास्तर. कुनीतरी इचारलं. मग तिनं सांगितलं, आन् त्यो तिला तिकडं घेऊन गेला. हितंच संपतंय."

मंजुळाने पोराला आईजवळ दिलं. उठून बापाजवळ आली, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यांचा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं. बैलबाजारात कधी बाईमाणसाने भाव केलेला नाही. पण लहानपणापासून बघितलेलं पोरीला येणार नाही होय? उपरणं जरासं हललं. तात्या खाली बघत राहिले.

मग ती म्हणाली, "तात्या, घोडा उडायला लागल्यावर बी त्याला गवत घालायची ना वो?"

इतक्या वर्षांनी बापाशी एवढं लांब वाक्य! तात्या म्हणाले, "घालायची की! घालायची म्हंजे! उडनाऱ्याला तर दुप्पट लागतं!" आणि मग जी बापलेकीची सुरू झाली, ती काकूंनी चहा दोनदा गरम केला तरी थांबेना.

निघताना मंजुळा मला दारापर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, "मंजुळा, तेव्हा मी तुला वर्गात बोललो. चुकलं माझं."

"जाऊ द्या, गुरुजी." मग मागे वळून बघत हळूच म्हणाली, "तात्यांना सांगू नका. त्या पुस्तकाचा शेवट मला ठावं हुता. आईला वाचून दाखवत हुते, तवा माजं दुसऱ्यांदा वाचन चाललं हुतं."

मी थक्क झालो. "मग काय होतं खऱ्या शेवटात?"

"राजपुत्र येतो आन् लगीन लागतं. ह्यो लई चांगला हाय."

ती आत गेली. खोड झाकायची नाही, हा बाजाराचा कायदा. पण मी काही दलाल नाही. आजपर्यंत झाकून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी तात्या पुस्तकांची जोडी परत करायला आले. मी विचारलं, "काल काय भाव झाला, तात्या?"

"भाव बोलायचा नसतो, मास्तर," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघितलं, माझा हात ओढून घेतला, वर उपरणं टाकलं आणि माझी पाचही बोटं घट्ट धरली. सोडायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही, आणि मीही हात ओढून घेतला नाही.