पट्टीखालचा हात

आमच्या टीव्हीच्या काचेवर उजव्या कोपऱ्यात कायम एका बोटाचा ठसा असे. माझी बायको मेधा दर रविवारी सकाळी तो ओल्या फडक्यानं पुसायची आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा उमटलेला असायचा. ठसा भुवडकाकांचा. सिनेमा ऐन रंगात आला, पडद्यावर अंतराळयानांची धुमश्चक्री सुरू झाली, की काका सोफ्यावरून उठायचे, तरातरा टीव्हीपाशी जायचे आणि हीरोला सोडून त्याच्या पाठीमागं उभ्या असलेल्या भलत्याच माणसावर बोट टेकवून ओरडायचे, "मागं बघ! अरे, मागं बघ!"

त्याच वेळी समोर एक अख्खा ग्रह फुटत असायचा. तो काकांच्या कोपराआड जायचा.

दोन हजार तीन-चारचा सुमार. आम्ही नुकतेच गिरगावातल्या दीड खोलीतून मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो होतो. भुवडकाका समोरच्या दारचे. मूळचे रत्नागिरीकडचे, गोरेगावच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंग खात्यात जन्म काढून निवृत्त झालेले. बुटकी मूर्ती, अंगात बाह्यांचं बनियन, खांद्यावर पंचा. अशा माणसानं भजनात रमावं, फार तर क्रिकेट बघावं. पण काकांना नाद होता स्पेसवाल्या सिनेमांचा.

हे सिनेमे परदेशातले, हिंदीत डब केलेले, एकूण चार भाग. इंग्रजीत त्यांना काहीतरी भारदस्त नाव होतं, पण आमचा केबलवाला पिंटू त्यांना 'स्पेसवाला एक', 'स्पेसवाला दो' असंच म्हणायचा आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. तेव्हा प्रत्येक केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल असे. त्यावर पिंटू रविवारी दुपारी आपल्याकडच्या सीड्या लावायचा आणि फिरून फिरून स्पेसवाल्यावर यायचा. पिकल्या मिशांचा कप्तान, शेजारच्या खुर्चीत बसून यान चालवणारी त्याची जोडीदारीण, पत्र्याच्या तोंडाचा यंत्रमानव आणि विश्व गिळायला निघालेला तीन डोळ्यांचा एक सरदार, असा सगळा प्रपंच.

विश्व वाचतंय की बुडतंय याची काकांनी कधी फिकीर केली नाही. "तो यंत्रमानव बघ," ते म्हणायचे. "कप्तान खेकसला ना त्याच्यावर, तर मान कशी वळवलीन बघ. एवढीशीच. पत्र्याच्या तोंडानं रुसून दाखवायचं म्हणजे खेळ नाय बाबा."

यानात पाठीमागं बटणं दाबत एक जाडगेला माणूस उभा असे. चारही भागांत त्याला एक वाक्य नाही. काकांनी त्याचं नाव बाळ्या ठेवलं होतं. "यान हललं की बाकीचे बघ, सांगितल्यासारखे पडतात. बाळ्या आधी हातातला कप सावरतो, मग पडतो. घरी बायको असणार त्याला. कप फुटला तर बोलेल ना ती!" पहिल्या भागाच्या शेवटी स्फोटात हा बाळ्या मरतो आणि दुसऱ्या भागात पुन्हा त्याच जागी बटणं दाबताना दिसतो. ही चूक मी मोठ्या विजयानं काकांना दाखवली. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"भाऊ असेल त्याचा. अनुकंपा तत्त्वावर लागला असेल."

तेव्हापासून बाळ्या दिसला की मेधासुद्धा स्वयंपाकघरातून विचारायची, "आला का हो अनुकंपावाला?"

डबिंगवाले त्या सगळ्यांना एकाच सुरात बोंबलायला लावत. काकांना त्याचं काही वाटत नसे. "आवाज भाड्याचा आहे रे. हात त्याचा स्वतःचा आहे. हात बघायचे."

आणि नेमके हातच दिसायचे नाहीत. कारण पिंटू आपल्या चॅनेलवर पडद्याच्या खालच्या बाजूला जाहिरातींची जाड पिवळी पट्टी फिरवायचा. केबिन रोडला साड्यांचा महासेल, मूळव्याधीवर खात्रीचा इलाज, खारीगावात वन रूम किचन, रेडी पझेशन. कप्तानानं टेबलावर हात ठेवला रे ठेवला, की त्यावरून साड्या जायच्या. "गेला! हात गेला मूळव्याधीत!" असं काका कळवळून ओरडले, तेव्हा आमच्याकडे आलेल्या मेधाच्या मामींनी घाबरून चहा सांडला होता.

काकूंबद्दल मी अजून काही बोललो नाही. खरं सांगायचं तर त्या काळात त्यांच्याबद्दल बिल्डिंगमध्ये कुणी फारसं बोलतच नसे. आम्ही राहायला येण्याआधीच त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डावा हात चांगला होता, पण तो मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. काका त्यांना खिडकीशी खुर्चीत बसवायचे, भरवायचे, वेणी घालायचे. काकूंची नजर एका जागी लागलेली. त्यांना काही कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि पुण्याचा मुलगाही फोनवर तेच सांगायचा. जेवण होऊन काकूंचा डोळा लागला, की काका दोन्ही दारं उघडी ठेवून आमच्याकडे यायचे. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण केबलची पिन सैल होती. ती कुणीतरी धरून उभं राहिलं तरच चित्र दिसायचं, नाहीतर नुसत्या मुंग्या.

एका रविवारी 'स्पेसवाला तीन' लागला होता. त्यात एक प्रसंग आहे. कप्तानाची जोडीदारीण एका ग्रहावर कायमची हरवते. थांबायला वेळ नसतो, यान निघायलाच हवं असतं. कप्तान खुर्चीत बसतो, समोर बघतो आणि 'चलो!' म्हणून गरजतो. माझ्या मते सीन तेवढाच. त्याच्या हातावरून साड्या निघून गेल्या आणि यान उडालं. मी वळून बघितलं, तर काका पंच्यानं डोळे पुसत होते.

"अहो काका, झालं काय?"

"पट्टा लावतो रे तो," काका म्हणाले. "बाजूच्या रिकाम्या खुर्चीचा. बोलताना समोर बघतो आणि हातानं पट्टा लावून नीट करतो. ती बसलेली असल्यासारखा. आता साड्यांखाली गेला."

"तुम्हाला बरं एवढं सगळं दिसतं!"

"मला कुठं दिसतंय? मी झोपलेलो."

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी टीव्हीचा आवाजच बंद केला. नजर काकांची नव्हती, काकूंची होती. "गावी नमनाचा खेळ असला की बायकांना बाजूला बसवायचे. तिथून राजाची नुसती पाठ दिसायची. दिसायचे कोण, तर मागं उभे असलेले गडी, ज्यांना बोलायला काय नसायचं ते. ही तेच बघायची. लहानपणापासूनची सवय. लग्नानंतर सिनेमाला नेलं तरी तेच. मला कोपर मारून सांगायची, अवो, मागं बघा. भाईंदरच्या थेटरात हा तिसरा भाग लागलेला. बाहेर उकडत होतं, म्हणून एसीत गेलेलो. मी घोरतोय आणि ही रडतेय. घरी येईपर्यंत त्या पट्ट्याचंच सांगत होती. मी बोललो, बरं बरं."

नंतर सीडीवर, केबलवर जिथं मिळेल तिथं त्यांनी ते चारही भाग बघितले होते. काकू दाखवायच्या आणि काका "बरं बरं" म्हणायचे. मग झटका आला आणि दाखवणारं कुणी राहिलं नाही. तेव्हापासून काका स्वतः मागं बघायला लागले.

"डॉक्टर बोलतात, तिला काय समजत नाय," काका म्हणाले. "मला एकदा तिला तो सीन दाखवायचाय. पट्टीशिवाय, हातासकट. ओळखलंन तर ओळखलंन."

मला एकदम त्या ठशाची आठवण झाली, मेधा पुसायची त्याची.

दुसऱ्याच दिवशी काका मला घेऊन पिंटूच्या दुकानात गेले. तिथं त्यांनी आपली हिंदी बाहेर काढली. "देखो पिंटू, हाथ नहीं दिखता है हमको. वो पट्टी थोडा उपर कर."

"अंकल, ऊपर डालेगा तो हीरो का मुंडी कटेगा."

"कटने दे! मुंडी में क्या है? मुंडी तो सबको है!"

पिंटू बिचारा हैराण झाला. पण काका रोज संध्याकाळी त्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहायला लागले, तेव्हा त्यानं कंटाळून एका रविवारी पट्टी वर चढवली. त्या दिवशी नेमका कौटुंबिक सिनेमा होता. सासू, सून, बाप, लेक, सगळे बिनडोक्याचे येऊन रडून गेले. तीन बिल्डिंगमधून तक्रारी आल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये एकटे काका खूश होते. "काय कामं केली रे सगळ्यांनी! सासूनं पदर कसा पिळला बघितलास?" संध्याकाळपर्यंत पट्टी परत खाली आली.

खरं कारण काका पिंटूला सांगायला तयार नव्हते. "बायकोचं गाऱ्हाणं केबलवाल्यापाशी कशाला?" शेवटी महिन्याचे पैसे न्यायला पिंटू आमच्या दारात आला, तेव्हा काका दूध आणायला खाली गेले आहेत असं बघून मी त्याला सगळं सांगितलं. समोरचं दार उघडंच होतं. त्यानं खुर्चीतल्या काकूंकडे बघितलं.

"पहले बोलने का ना साब. मैं समझा अंकल का स्क्रू ढीला है." मग खाली मान घालून म्हणाला, "तीसरा वाला ना? संडे को लगाता हूं. उस सीन पे पट्टी नहीं आएगा. मैं खुद बैठेगा मशीन पे."

पिन बदलून द्यायचं मात्र तो तेव्हाही विसरला.

रविवारी काकांनी काकूंना ठेवणीतली निळी साडी नेसवली होती. निऱ्या वाकड्या होत्या, त्या मेधानं सारख्या केल्या. टीव्हीसमोर दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, एक काकूंची आणि एक काकांची. मी आणि मेधा बाजूच्या दिवाणावर बसलो. पिन काकांनी सुतळीनं कशीबशी बांधून ठेवली होती. सिनेमा सुरू झाला. बाळ्या आला, त्यानं कप सावरला, काकांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि वळून काकूंकडे बघितलं. काकूंची नजर होती तिथंच होती. यंत्रमानव रुसला. तेव्हाही काही नाही. काकांचं बोट हळूहळू खाली यायला लागलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तो प्रसंग जवळ आला आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

"पिन!" काका उठले. गडबडीत खांद्यावरचा पंचा त्यांच्या खुर्चीवर पडला. मी धरतो म्हणालो, तर म्हणाले, "तुला जमायचं नाय, तिची नस मला माहीत हाय." टीव्ही भिंतीतल्या कपाटात ठेवलेला होता. काका एका कडेला, आमच्याकडे पाठ करून वाकले, एक हात टीव्हीमागं घातला आणि मान वाकडी करून पडद्याला डोळे लावले. चित्र आलं. खालची पट्टी नाहीशी झाली. पिंटू शब्दाला जागला होता.

कप्तान खुर्चीत बसला. 'चलो!' म्हणून गरजला. आणि मी पहिल्यांदाच तो हात बघितला. म्हाताऱ्या शिरांचा हात. तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे गेला, पट्टा ओढला, लावला आणि वरून एकदा सपाट केला.

मग काय वाटलं कोण जाणे, इतक्या रविवारांची सवय म्हणा, मी पडदा सोडून मान वळवली.

काकूंचा डावा हात मांडीवर नव्हता. तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर होता. काकांचा पंचा तिथं चुरगळून पडला होता. काकू त्याची घडी सारखी करत होत्या. फार हळू. एक टोक ओढलं, दुसरं ओढलं, मग तळव्यानं वरून सपाट केलं. नजर समोर पडद्याकडेच होती. मेधानं माझा दंड घट्ट धरला.

काका अजून पिन धरून वाकलेले. "बघितलात ना? बघितलात ना?" असं आम्हाला विचारत होते, आणि काकूंकडे वळून बघायची हिंमत त्यांना होत नव्हती, हे त्यांच्या पाठीवरून मला दिसत होतं.

"काका," मी म्हणालो, "मागं बघा."

"पिन सुटेल रे."

"सुटू दे. मागं बघा."

काका वळले. पिन सुटली, पडद्यावर मुंग्या आल्या. मागं आमच्या घरात फोन वाजायला लागला. पट्टी परत टाकू का, हे विचारायला पिंटूचाच असणार. मेधा डोळे पुसत तो घ्यायला गेली. काका दोन पावलं पुढं आले आणि आपल्या खुर्चीपाशी थांबले. तिच्यावर ते बसले नाहीत. काकूंनी नीट केलेली घडी मोडली असती. ते खाली फरशीवरच बसले, काकूंच्या पायाशी, आणि म्हणाले, "बरं बरं."