एका शेल्यात दोघं

"सर, मला जरा गुंडाळाल का?"

केराल्टने विचारलं आणि मागे तिच्या मैत्रिणीला, आर्लेटला फिस्सकन हसू फुटलं. पैज तिचीच होती. अख्ख्या शाळेत ज्यांना कुणी कधी गुंडाळू शकलं नाही, त्या गणिताच्या फेर्राते सरांना हे विचारायचं!

तसं त्यात वावगं काही नव्हतं. माणसांच्या मनोऱ्यात चढायचं तर कमरेला चौदा हात लांब काळा शेला घट्ट हवा, आणि तो एकट्याने गुंडाळताच येत नाही. एकाने टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने गिरक्या घेत त्यात शिरायचं. बार्सिलोनाहून इथे आल्यावर वर्षभर खोलीचं दार लावून बसलेल्या केराल्टला आता टोक धरायला पथकातल्या पंधरा जणी होत्या; फेर्राते सरही त्याच पथकात. आज तर ती पहिल्यांदाच तिसऱ्या थरावर चढणार होती!

पण घरच्यांची अट होती : एक जरी गोंधळ झाला, तर मनोरे बंद. "खोलीत होतीस तेव्हा निदान हाडं तरी शाबूत होती," आई म्हणाली होती. आईबाबा चौकात पहिल्याच रांगेत डोळ्यांत तेल घालून उभे होते.

सर कानापर्यंत लाल झाले. "हं... घे," म्हणत त्यांनी हाताला लागलं ते टोक पुढे केलं. केराल्टने गिरक्या घेतल्या. पाच, सहा, सात.

"सर, एवढं ओढताय काय?"

"मी कुठे? तूच ओढतेयस!"

टोक सरांच्याच शेल्याचं होतं. अर्धा शेला तिच्या कमरेला, अर्धा सरांच्या, मध्ये वीतभर अंतर. तिचा स्वतःचा शेला आर्लेटच्या खांद्यावर निवांत लोंबत होता.

"उलटी फिर! घड्याळाच्या विरुद्ध!"

"तुमच्या घड्याळाच्या की माझ्या?"

दोघं फिरले. गाठ आवळली.

"बुंधा जमवा! तळाला सगळे दाटीने उभे राहा!" पथकप्रमुख रोझरबाई गरजल्या. "आणि तुमचा काय नाच चाललाय? शिरा आत, तसेच! जुर्दिना, तिसऱ्या थरावर तू!"

केराल्टचा चेहरा एवढासा झाला. थर गेला तो गेला, वर गोंधळही झाला. त्यात दोन जागांची माणसं एकाच जागी अडकल्याने बुंध्याला भगदाड पडलं.

"हात कमी पडतायत!" रोझरबाई गर्दीकडे वळल्या. "अहो, तुम्ही! हो हो, भुवया चढवून उभे आहात ते!"

"आम्ही फक्त बघायला..." म्हणेपर्यंत आईबाबा आत ढकलले गेले होते. बाबांची छाती केराल्टच्या पाठीला, नखं तिच्या दंडात, आईचं नाक बाबांच्या मानेत.

"घाबरू नकोस गं," मागून एक आजी आईला म्हणाली, "मी धरलंय तुला."

सनया सुरू झाल्या. खांद्यांवरून पाय गेले. बुंध्यातून वरचं काहीच दिसत नाही. शेजाऱ्याचा हात थरथरला की कळतं, थर चढतोय.

"तू नेहमी अशी उभी असतेस?" बाबांनी कानाशी विचारलं.

"मंगळवारी, शुक्रवारी."

"एवढी सगळी माणसं..." म्हणत बाबांनी पाय आणखी घट्ट रोवले.

चौक दणाणला. मनोरा अलगद उतरला. आई त्या अनोळखी आजीच्या गळ्यात पडून हसतही होती आणि रडतही. आर्लेटने सरांना आणि केराल्टला सोडवलं.

मग आईला अट आठवली. तिने घाईघाईने डोळे पुसले. "गोंधळ झालाच की नाही? तेव्हा..."

"झाला ना," केराल्ट म्हणाली. "म्हणूनच मी ठरवलंय. पुढच्या रविवारी मी वर चढणार आणि खाली तुम्ही दोघं उभे राहणार. मंगळवारी सातला सराव आहे. आणि बाबा, नखं कापून ये."