अँब्रोज थर्लबी यांनी लिटल मार्डनास घातलेल्या वेढ्याची हकीगत

श्रीगजाननास वंदन, सरस्वतीस वंदन, आणि ज्या कृपेने हिवाळ्यात शेगडी मिळते तीस त्रिवार वंदन करून, ऑक्सफर्ड येथील सेंट वुल्फ्रेड कॉलेजचे मानकरी ऊर्फ फेलो, ग्रीकविद्याविशारद, चष्मेबहाद्दर राजेश्री अँब्रोज थर्लबी यांची कारकीर्द जैसी घडली तैसी लिहिली असे. पदरचे घातले नाही, झाकले नाही.

एका प्राचीन ग्रीक कवीच्या अवघ्या त्रेचाळीस ओळी काळाच्या तडाख्यातून बचावल्या होत्या. त्यांजवर भाष्य लिहावे हा मनसुबा थर्लबींनी सव्विसावे वर्षी केला, आणि त्याच साली लिटल मार्डन गावी नदीकाठी वनभोजनास गेले असता टोपी पाण्यात पडली, ती तेथील डॉक्टरांची कन्या हेस्टर पेनरोज हिणे काठीने काढून दिली, आणि पंडितांचे हृदय तत्क्षणी फितूर जाहले. मग वाङ्निश्चय जाहला. परंतु कॉलेजचा कदीम दस्तूर ऐसा, की मानकऱ्याने लग्न करताच खोल्या, पंगतीचे पान आणि मानकरीपण तिन्ही त्याच दिवशी जप्त. वाट एकच: कॉलेजच्या ताब्यातील एखाद्या गावची पाद्रीगिरी मोकळी व्हावी, ती पदरात पडावी, मग सुखे संसार थाटावा. थर्लबींच्या वाट्यास लिटल मार्डनच होते, आणि तेथील पाद्री जोसाया ग्रिंडल हे विधुर, वय चौसष्ट, खोकला जुनाट. थर्लबींनी अंदाज बांधला: दोन हिवाळे. येणेप्रमाणे वेढा पडला.

जातीने जाऊन खोकला ऐकणे शिष्टाचारास सोडून, सबब ती कामगिरी हेस्टरबाईंवर सोपविली, की दर गुरुवारी सूप घेऊन जावे, प्रकृतीचा ठाव घ्यावा आणि खलिता धाडावा. बाईंनी इमानेइतबारे तैसेच केले, आणि सुपात जव घातले, लोणी घातले, मग वेढा घालणाराच किल्ल्यास रसद पुरवितो ऐसा प्रकार जाहला. म्हातारबुवा गुबगुबीत जाहले, खोकला पळाला, सत्तरीत गुलाब लावू लागले. इकडे भाष्य चौथ्या ओळीवर होते.

दहावे वर्षी थर्लबी स्वतः टेहळणीस गेले.

"या, थर्लबी, या! अजून जिवंत आहे हो मी, माफ करा," ग्रिंडल म्हणाले. "सूप घ्या. तुमचीच कृपा."

"देव तुम्हांला उदंड आयुष्य देवो."

"आशीर्वाद तोंडभर, मग तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?"

हेस्टरबाई खळखळून हसल्या. ते हसणे थर्लबींस रुचले नाही.

सतरावे वर्षी दरबारातून फर्मान सुटले, की कॉलेजांनी हवे तर तो दस्तूर आपल्या मताने मोडावा. मग तेरा मानकरी सभेस बसले, आणि सहा इकडे, सहा तिकडे ऐसी मते पडून अवघ्यांची नजर थर्लबींवर खिळली. एक हात वर केला की हेस्टर घरात! परंतु नव्या कलमात लिहिले होते, की विवाहिताने जेवण आपले घरी करावे, आणि शेगडीजवळची त्याची खुर्ची पुढल्या मानकऱ्यास द्यावी. थर्लबींकडे शेगडीपासून दुसरी खुर्ची होती. ती मिळण्यास अकरा वर्षे लागली होती. कीर्तनात बुवा सांगतात, देव भावाचा भुकेला. थर्लबींचा देव उबेचा भुकेला. त्यांनी दस्तूर कायम राखण्याचे मत दिले.

मग गुरुवारी लिटल मार्डनास जाऊन, ग्रिंडल यांचे घरी बाई सूप वाढीत असता, वर्तमान निवेदन केले.

"परंपरा अशी एका मतानं मोडू नये, हेस्टर. आणि थोडा धीर धर. ग्रिंडलसाहेब आता एक्याऐंशीचे. फार तर दोन हिवाळे."

"ते एक मत कुणाचं होतं?"

थर्लबी चष्मा पुसू लागले.

"सतरा वर्षं मला वाटायचं, तुम्ही माझी वाट बघताय," हेस्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही तर यांच्या मरणाची बघत होतात. आणि तीसुद्धा अगदी सावकाश, घाई नको म्हणून!"

खुर्चीतून ग्रिंडल म्हणाले, "बाई, मी मरायचा राहिलो तो तुमच्या सुपामुळं. मला कॉलेजची बंदी नाही. थर्लबींची हरकत नसेल तर विचारू का?"

"त्यांची हरकत कशाला? मला विचारा," बाई म्हणाल्या, आणि पळी खाली ठेवली.

महिन्याभरात लग्न लागले. थर्लबींनी आहेरात भाष्याचा पहिला खंड धाडला, ओळी एक ते सात, ज्याची सारी नक्कल हेस्टरबाईंच्याच हातची होती.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली: दस्तूर अबाधित राहिला, पंगतीचे पान राहिले, शेगडीजवळची दुसरी खुर्ची कबजात राहिली, मोहिमेत कोणी पडले नाही. पुढे थर्लबींस खोकला जडला. तिसऱ्या खुर्चीचे मानकरी दर गुरुवारी मोठ्या आस्थेने येऊन तो ऐकून जातात.