पहिला नंबर आईंचा

दातांच्या डॉक्टरांनी आपल्या मेहुण्याला शेवटची संधी दिली होती. दवाखान्यात नंबर लावणारा त्याचा प्रोग्राम आज चालला तर नोकरी पक्की, नाही तर गाशा गुंडाळायचा. अट एकच: सासूबाई कवळी बसवायला आल्या की त्यांना आधी आत घ्यायचं. मागच्या खेपेला दीड तास बसवून ठेवल्यावर त्या महिनाभर जावयाशी बोलल्या नव्हत्या.

मेहुण्यानं आपल्या आईला रांगेत पुढे घुसवणारी चार ओळींची आज्ञा लिहिली आणि तिला ‘फर्स्ट’ असं नाव ठेवलं. त्या नावाची आज्ञा प्रोग्रामच्या भाषेत आधीपासूनच होती. कुठल्याही यादीतलं पहिलं काय, ते तीच सांगायची. कॉम्प्युटरनं लाल अक्षरांत विचारलंही, जुनी पुसू का? लाल अक्षरं वाचण्याइतका वेळ हुशार माणसांकडे नसतो. त्यानं ‘हो’ दाबलं.

सकाळी पडद्यावर नाव आलं, ‘सासूबाई’. त्या अजून घरीच होत्या. दुसरं नाव, सासूबाई. तिसरंही त्यांचंच. शेवटी गाल सुजलेल्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी तसंच आत घेतलं, तर त्यांच्या कागदावर छापून आलं, ‘दुखणारा दात: सासूबाई’.

गृहस्थांनी कागद दोनदा वाचला. “मशीनला हे कुणी सांगितलं? घरी कळलं तर माझी धडगत नाही.”

तेवढ्यात सासूबाई आल्या. “जावईबापू, सगळा दवाखाना माझ्या नावानं का ओरडतोय?”

मेहुण्यानं चाचरत सगळं सांगितलं.

“अरे, आपल्या घरात एकाच नावाच्या तिघी होत्या. थोरली, मधली, धाकटी म्हणायचो. कुणाला पुसून टाकलं का? तुझ्या आज्ञेलाही पुढे काहीतरी घरचं लाव.”

त्यानं जुनी ‘फर्स्ट’ परत आणली आणि आपल्या आज्ञेचं नाव ‘आमच्या-आईची-फर्स्ट’ केलं. प्रोग्राम सुतासारखा सरळ झाला. एक वाजेपर्यंत वीस पेशंट झाले. डॉक्टरांनी हातमोजे काढले, मेहुण्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, “उद्यापासून तू पक्का.”

दोघं हसत बाहेर आले. बाकावर सासूबाई बसल्या होत्या.

“आई, तुम्ही अजून इथेच?” डॉक्टरांनी विचारलं.

“नंबरच आला नाही.”

मेहुण्याच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. नवं नाव झकास होतं, पण त्या नावानं हाक मारायला त्यानं प्रोग्राममध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं; रांग अजून जुन्या ‘फर्स्ट’लाच विचारत होती. डॉक्टर त्याच्याकडे वळले.

“त्याला काही बोलू नका,” सासूबाई पर्स उचलत म्हणाल्या. “पक्का म्हणालात, मी ऐकलंय. कवळी मी समोरच्या डॉक्टरांकडे बसवते. तिथे नंबर वहीत लिहितात.”