अस्वले साहेबांचा विनोद आणि ठिपकीचं हसू

एका जंगलात एक कचेरी होती.

जंगलात कचेरी कशाला, असं विचारू नका, बाळांनो. पाणवठा एकच असला आणि पिणारे हजार असले, की कचेरी आपोआप उगवते. कुणी कधी पाणी प्यायचं, ते ही कचेरी ठरवायची. हत्तींची पाळी सकाळी, रानडुकरांची दुपारी, असं. वाघाची पाळी ठरलेली नव्हती. तो येईल तेव्हा त्याची पाळी.

आणि हो, आधीच सांगून ठेवते. या गोष्टीत कुणी कुणाला खात नाही. झोपताना उगाच भीती नको. तिथे खायला वेळच नव्हता कुणाला; बैठका फार असायच्या.

कचेरीचे साहेब होते अस्वले. मोठे, केसाळ, मनाने चांगले. हेडक्लार्क होते कोल्हे. साहेबांच्या मनात काय आहे ते कोल्ह्यांना साहेबांच्या आधी कळायचं. आणि पाळ्या लावायचं सगळं काम करायच्या हरणेबाई.

हरणेबाईंना एक लहानगी होती, ठिपकी. ठिपकीचे बाबा शिंगं घासायला पलीकडच्या रानात गेले होते. ते हिवाळ्यापर्यंत येणार नव्हते. हरणांमध्ये तशी रीत आहे. बाकीच्यांतही आहे, पण ते जाऊ दे.

त्यामुळे ठिपकी दिवसभर घोरपडे मावशींच्या पाळणाघरात असायची. संध्याकाळी घरी आलं, की हरणेबाई तिला पाल्यावर निजवून गोष्ट सांगायच्या. रोज एकच गोष्ट. चांदोबा पाणवठ्यात वाकून बघतो, अजून वाकतो, अजून वाकतो, आणि डुबुक! ‘डुबुक’ला ठिपकी चारही पाय वर करून हसायची आणि म्हणायची, “पलत!” हरणेबाई परत सांगायच्या. ती झोपेपर्यंत चांदोबा पडत राहायचा.

घोरपडे मावशींचा एकच नियम होता. सूर्य टेकडीला टेकला की पाळणाघर बंद. घोरपड भिंतीला चिकटते ना, तशा मावशी नियमाला चिकटायच्या. हरणेबाईंना आधीच दोनदा उशीर झाला होता.

“बाई, पुन्हा उशीर झाला तर पोरीला घरीच ठेवा हो,” मावशी म्हणाल्या होत्या. “मलाही माझं बीळ आहे.”

पाळणाघर गेलं तर नोकरी गेली. नोकरी गेली तर पाण्याची पाळी कोण देणार? हरणेबाई दिवसभर एक डोळा कामावर आणि एक डोळा सूर्यावर ठेवायच्या. डोळे दोन बाजूंना असल्याचा तेवढाच फायदा.

आता काय झालं, एकदा अस्वले साहेब जंगलाच्या कडेला विश्रामगृहामागे खरकटं शोधायला गेले. चुकलं माझं, पाहणी दौऱ्यावर गेले. खिडकीतून आतला टीव्ही दिसत होता. टीव्हीवर मालिका लागली होती, आणि मालिकेतही एक कचेरी होती!

साहेबांनी एक अख्खा भाग उभ्याने बघितला.

त्या भागात तिथले साहेब एका कारकुनाचा निरोपसमारंभ करतात. हार घालतात तो त्याच्या रिकाम्या खुर्चीला. भाषण करतात, रडतात. मग कळतं, की कारकून नोकरी सोडून गेलेलाच नाही. तो खाली चहा प्यायला गेलाय.

पण अस्वल्यांचं लक्ष कारकुनाकडे नव्हतंच. त्यांचं लक्ष हसण्याकडे होतं. तिथले साहेब काही बोलले की हसू. साहेब अडखळले की हसू. साहेब नुसते दारातून आत आले तरी हसू! आणि हसणारं कुणी दिसत नव्हतं.

“भिंती हसतात,” अस्वले साहेब स्वतःशीच म्हणाले. आनंदाने त्यांच्या अंगावरचे सगळे केस उभे राहिले. ते बरेच होते.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली.

“कोल्हे, आपल्या कचेरीत कशाची कमी आहे?”

“पाण्याची, साहेब. उन्हाळा तोंडावर...”

“हसण्याची!”

“तेच म्हणणार होतो, साहेब.”

“तिथे केवढा घोळ झाला होता, माहितेय? पण अर्ध्या तासात सगळं मिटलं. जाहिराती धरून! आपल्याकडे रानडुकरांची तक्रार गेल्या पावसाळ्यापासून पडून आहे. का? आपल्या भिंती हसत नाहीत.”

भिंत कुडाची होती. तिला हसायला शिकवणं अवघड होतं. म्हणून भिंतीमागे तरसे नावाच्या तरसाची नेमणूक झाली. मुलाखतीत त्यांना एवढंच सांगितलं, “हसून दाखवा.” ते हसले. कचेरीतल्या दोन सशांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

मग नियम निघाला. कचेरी सुटण्याआधी साहेब रोज विनोद सांगणार. भिंत हसली की सुट्टी.

साहेबांकडे विनोद एकच होता. पण रोज लांबायचा.

“एकदा एक अस्वल झाडावर चढलं. झाड अर्जुनाचं होतं. नाही, ऐनाचं. थांबा हं, ऐनाला मोहोळ कुठून येईल? अर्जुनाचंच. तर वर होतं मोहोळ. अस्वलाने पंजा घातला. माश्या आल्या. अस्वल म्हणालं, ‘अरे बापरे!’ आणि धप्पकन पडलं.”

झालं. एवढाच विनोद. मला तरी एवढाच कळला. तुम्हाला जास्त कळला असेल तर उत्तमच.

तरसे मात्र जाणते होते. हरणेबाईंनी त्यांना एकदाच हळूच सांगितलं, “तरसेभाऊ, माझी मुलगी...” आणि तरसे म्हणाले, “खूर आपटा, ताई. मी आहे.” सूर्य चिंचेच्या शेंड्याशी आला की हरणेबाई खूर आपटायच्या. भिंत हसायची. विनोद अर्जुन-ऐनातच अडकलेला असला तरी हसायची. साहेबांना वाटायचं, आपला विनोद इतका चांगला आहे, की पोहोचण्याआधीच पोहोचतो. सगळे खूश. सगळे वेळेवर घरी.

पण रोज रोज हसून तरसेंचा घसा बसला.

त्या संध्याकाळी हरणेबाईंनी खूर आपटला. भिंत गप्प. पुन्हा आपटला. भिंतीमागून कुडाच्या फटीतून फक्त एक शेपटी बाहेर आली आणि नाही-नाही म्हणून हलली.

साहेबांचा विनोद शेवटपर्यंत गेला. “...धप्पकन पडलं!”

कुणीच हसलं नाही. शेवट पहिल्यांदाच ऐकत होते ना सगळे.

“आज भिंत का हसत नाही?” साहेबांनी विचारलं.

“विचारात पडली असेल, साहेब,” कोल्हे म्हणाले. “विनोद खोल होता.”

“मग तुम्ही हसा.”

“हो हो हो हो.”

“हसताय की खोकताय?”

साहेबांचा चेहरा उतरला. अस्वलाचा चेहरा उतरला तर फार खाली येतो. ते म्हणाले, “म्हणजे इतके दिवस फक्त भिंतच हसत होती? तुम्हाला कुणालाच हसू येत नव्हतं? ठीक आहे. आज कुणालातरी खरं हसू आल्याशिवाय कुणीही घरी जायचं नाही.”

सूर्य चिंचेच्या खाली उतरला होता.

“साहेब,” हरणेबाई उठल्या, “माझी मुलगी पाळणाघरात...”

“हरणेबाई, त्या मालिकेत कुणी मधेच उठून मुलीला आणायला जात नाही.”

“त्यांना मुलं नसतील, साहेब.”

“असतात. पण ती पुढच्या भागात दिसतात.”

हरणेबाईंनी हसायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण डोळे सूर्याकडे. सूर्य टेकडीला टेकला.

थोड्या वेळाने दार ढकलून घोरपडे मावशी आत आल्या. मागून ठिपकी.

“हे घ्या तुमचं पाडस. उद्यापासून आणू नका. बोलले होते मी.”

“मावशी, अहो, ऐकून तरी घ्या...”

“ऐकलं असतं हो. पण तुमचं ऐकलं तर सायाळबाईंचंही ऐकावं लागेल. त्यांची पोरं बघितलीयेत का तुम्ही? मांडीवर घेता येत नाहीत.”

हरणेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कोल्हे छताकडे बघू लागले.

ठिपकी मात्र अस्वले साहेबांकडे बघत होती. एवढं केसाळ तिने कधी पाहिलं नव्हतं. “तू कोण?”

साहेबांना नवीन श्रोता दिसला. त्यांना राहवेना. “एकदा एक अस्वल झाडावर चढलं,” ते म्हणाले. “झाड अर्जुनाचं होतं. नाही, ऐनाचं...”

आणि “धप्पकन!” म्हणाले.

ठिपकी हसली. आधी नाकातून, मग पोटातून. मग पाय घसरले आणि ती स्वतःच धप्पकन पडली, आणि पडल्याचंच आणखी हसली. चारही पाय वर. बाळांनो, असं हसू कचेरीत त्याआधी कधी शिरलंच नव्हतं. घोरपडे मावशींच्या तोंडाचा एक कोपरासुद्धा हलला.

“पलत!” ठिपकी म्हणाली.

आजवर साहेबांना लोक ‘वा’ म्हणाले होते, ‘काय सांगता’ म्हणाले होते. ‘परत’ कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी डोळे पुसले आणि हुकूम काढला. उद्यापासून पाळणाघर कचेरीतच, भिंतीमागे. मावशींना नेमणूक. हसायचा पहिला मान ठिपकीला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोल्हे म्हणाले, “मी तर पहिल्यापासून म्हणत होतो.” हरणेबाईंनी ठिपकीला चाटून चाटून ओलं केलं.

इथेच थांबले असते तर गोष्टीचा शेवट कसा गोड झाला असता. अर्धा तासही होत आलाय. पण जंगलात भाग संपला म्हणून दिवस संपत नाही. दुसरा उगवतो.

दुसऱ्या संध्याकाळी साहेबांनी विनोद सांगितला. ठिपकी हसली आणि म्हणाली, “पलत!” साहेबांनी परत सांगितला. “पलत!” परत सांगितला. सूर्य टेकडीला टेकला, टेकडीमागे गेला. “पलत!” हसू आलं की सुट्टी, असा नियम होता खरा, पण साहेबांचा विनोद चालू असताना कोण उठणार?

रोज असंच होऊ लागलं. रानडुकरांच्या तक्रारीवर दुसरी तक्रार येऊन बसली. कोल्ह्यांची बायको त्यांना ओळखेना. घोरपडे मावशी बिळाच्या आठवणीने हळव्या झाल्या. हरणेबाई घरी निघायच्या तेव्हा ठिपकी चालता चालता झोपायची. चांदोबा पाण्यात पडायचा राहूनच गेला.

“बाई, तुमच्या पोरीला आवरा,” कोल्हे म्हणाले. “जरा कमी खरं हसायला सांगा.”

“लहान आहे हो ती.”

“म्हणूनच आत्ता शिकेल.”

सगळेच हरणेबाईंकडे बघत होते. सगळ्यांचे डोळे लाल. हरणेबाईंना वाटलं, खरंच, आपलंच काहीतरी चुकलं असणार. आईला असं लगेच वाटतं. त्या तरसेंकडे गेल्या. तरसेंचा घसा बरा झाला होता, पण काम उरलं नव्हतं.

दुपारच्या वेळी भिंतीमागे शिकवणी सुरू झाली.

“हे बघ ठिपके, साहेब ‘धप्पकन’ म्हणाले, की तीनदा ‘हा’ म्हणायचं. मग ‘छान’. मग उठायचं.”

“पण मला खूप येतं.”

“खूप येतं ते गिळायचं.”

“मग ते कुठे जातं?”

तरसेंनी थोडा विचार केला. “घशात,” ते म्हणाले.

ठिपकी हुशार होती. चार दिवसांत शिकली.

त्या संध्याकाळी साहेब म्हणाले, “...आणि धप्पकन पडलं!”

“हा, हा, हा,” ठिपकी म्हणाली. “छान. चल आई.”

कचेरीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. साहेब खूश झाले. त्यांना फरक कळला नाही. कळला असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. तेही शेवटी साहेब होते. कोल्ह्यांनी हरणेबाईंना वाकून नमस्कार केला. मावशी म्हणाल्या, “वळण चांगलं लावलंत हो बाई पोरीला.”

हरणेबाई उजेड असतानाच घरी पोहोचल्या. किती दिवसांनी! त्यांनी ताजा पाला आणला, ठिपकीला निजवलं आणि शेजारी आडव्या झाल्या.

“चांदोबा वाकला,” त्या म्हणाल्या. “अजून वाकला. अजून वाकला. आणि... डुबुक!”

“हा, हा, हा,” ठिपकी म्हणाली. “छान. झोपू आता?”

तात्पर्य : मुलांना बेतानं हसायला लवकर शिकवावं, म्हणजे आईला वेळेवर घरी जाता येतं. घरी कशासाठी जायचं असतं, ते या गोष्टीत येत नाही.