सुभेदार आप्पांचा सेन्सर

आमचे शेजारी सुभेदार आप्पा त्यांच्या द्राक्षबागेतल्या प्रेशर सेन्सरला हुकूम देतात. ठिबकच्या नळ्यांतला क्षार काढायला ॲसिड सोडायचं असलं, की आधी पाइपासमोर ताठ उभे राहून "विश्राम!" म्हणतात. मग आटे फिरवून तो अंगठ्याएवढा सेन्सर काढतात, साध्या पाण्यानं धुतात, मऊ फडक्यानं टिपतात आणि डबीत ठेवतात. त्याच्या जागी प्लास्टिकचं बूच. ॲसिड धुऊन निघालं, की "सावधान!" आणि सेन्सर पुन्हा ड्युटीवर.

आमच्या पलूसच्या शिवारात बाकीच्यांचे सेन्सर बघता बघता माना टाकतात. आप्पांचा मात्र हळद लागलेल्या नवरदेवासारखा टवटवीत. मी एकदा म्हणालो, "आप्पा, पाण्याचा दाब मोजायचं यंत्र ते. एवढं काय त्याचं?"

"आवं कंडक्टर," आप्पा म्हणाले. (मी एस.टी.तून निवृत्त झालो, पण आप्पांच्या लेखी तिकिटाची पिशवी अजून माझ्या खांद्यालाच आहे.) "पहाऱ्यावरचा संत्री हाय त्यो आपला. संत्र्याला कुनी ॲसिडात हुबा करतं व्हय? ढिलाई न्हाई पायजे!"

चहा पातळ झाला तरी ढिलाई, पाऊस लांबला तरी ढिलाईच. बागेवर गंधक किंवा मोरचूद फवारायच्या आधी सेन्सरच्या डोक्यावर लोणच्याची बरणी पालथी पडते आणि वायरीच्या जोडाला व्हॅसलीन लागतं. आप्पांच्या स्वतःच्या टाचांना मुळा-मुठा वाहतील एवढ्या भेगा, पण व्हॅसलीन सेन्सरला.

एकदा आम्ही रहिमतपूरला लग्नाला गेलो होतो. पानात जिलेबी पडली, मी पहिला तुकडा मोडला, तेवढ्यात आप्पा उठले. "कंडक्टर, गाडी काढा. बरनी घालायची ऱ्हायली. शेजारचा आज गंधक मारनार हाय." भर पंगतीतून मोटारसायकलवर पलूस. सेन्सर वाचला. जिलेबीचं कुणाला काय!

तर असा हा सेन्सर एक दिवस माझ्या हाती आला. आपण जिवंत आहोत हे पेन्शनवाल्यांना दाखवायला आप्पांना साताऱ्याला जायचं होतं, आणि त्याच दिवशी नळ्यांना ॲसिड द्यायचं ठरलं होतं. "आदी सेन्सर काढा, डबीत ठिवा, मग बाकीचं. जमंल न्हवं?"

"आप्पा, मी भरल्या गाडीत तिकिटं फाडलीत."

"म्हनूनच इचारतोय."

मी हुकमाप्रमाणे सेन्सर काढला. विश्रामसुद्धा म्हणालो. पण डबीत ठेवताना त्याच्या तोंडाशी पांढरा क्षार दिसला. म्हटलं, सगळ्या नळ्यांची आंघोळ चालली आहे, या बिचाऱ्यानं काय पाप केलंय? बादलीतल्या ॲसिडात त्याला बुडवून ठेवला. वर तारेनं खरवडला. आत कागदासारखा पातळ पडदा असतो आणि सेन्सरचा सगळा जीव त्या पडद्यात असतो, हे ज्ञान मला पडदा फाटल्यावर झालं.

तरी धुऊन जागेवर बसवला आणि मोटर सुरू केली. थोड्या वेळात फोन वाजला. आप्पांची लेक सुजाता, बेंगळुरूला दवाखान्यात नर्स आहे.

"काका, आप्पा कुठायत? माझ्या मोबाइलवर सेन्सरचं प्रेशर शून्यच दाखवतंय. त्यांचा फोनही बंद आहे." आवाज रडवेला.

"साताऱ्याला गेलेत गं. ठणठणीत आहेत. सेन्सर मी मारला."

ती आधी रडली, मग हसली. म्हणाली, "ड्युटीवर फोन घेता येत नाही, काका. आणि घेतला तरी आप्पा 'बरा हाय, ठेव' म्हणतात. आई गेल्यापासून मी सकाळी फक्त मोबाइलवर त्या सेन्सरची रेघ बघते. रेघ वर गेली, की आप्पा उठले, मळ्यात पोचले."

आप्पा तिकडे साताऱ्यात जिवंत असल्याचा दाखला देत होते आणि इकडे मी त्यांना शून्यावर आणून ठेवलं होतं. भर पावसातही हा माणूस रोज मोटर का चालवतो, तेही तेव्हा उमगलं.

संध्याकाळी आप्पा आले. माझं कोर्ट मार्शल होणार म्हणून मी आधीच मान खाली घातली. त्यांनी सेन्सर तळहातावर घेतला. "सुजी लय भ्याली का?" एवढंच विचारलं.

नवा सेन्सर येईपर्यंत सकाळी सुजाता ड्युटीवर जायच्या आत तिला फोन करण्यावाचून आप्पांना इलाज नव्हता. पहिल्या दिवशी ते दाब दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरसमोर उभे राहून ओरडले, "दीड किलो!" आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी, "दीड किलो. व्हय, राती जेवलो. दोडका." मग दोडक्याला फोडणी कशी द्यायची यावर बापलेकीची जुंपली. आठवडाभरात तर दाब सांगायचाच राहून जायला लागला. आप्पांना एवढं हसताना मी फार दिवसांनी ऐकलं.

नवा सेन्सर कुरिअरनं माझ्याकडे आला, त्याच दिवशी सुजाताचा फोन. "काका, बसवायची घाई करू नका हं."

मी सेन्सर घेऊन आप्पांकडे गेलो आणि शक्य तेवढा बावळट चेहरा केला. त्यासाठी मला कष्ट पडत नाहीत. "आप्पा, याचे आटे आपल्या पाइपाला जुळत नाहीत."

आप्पांनी सेन्सर घेऊन पाइपाला लावला. लोण्यात सुरी जावी तसा तो अर्धा फेरा आत गेला. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी तो हळूच उलटा फिरवून काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्या खिशात टाकला.

"व्हय की. न्हाईत जुळत," आप्पा म्हणाले. "दुसरा मागवा. सवडीनं."