एम्रिसचे जुने थांबे

"दहाला डोळ्याचं ऑपरेशन आहे," मिसेस प्यू गाडीत बसता बसता म्हणाल्या. "चुकलं तर परत आठ महिने. पणतीचं तोंड नीट पाहिलेलं नाही मी अजून."

"काळजी सोडा," एम्रिस म्हणाला.

वेल्सच्या त्या खोऱ्यात एम्रिसने तीस वर्षं बस चालवली होती. चार वर्षांपूर्वी बस बंद झाली. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना इस्पितळात न्यायला गावकऱ्यांनी आपापल्या गाड्या काढल्या. एम्रिसने परवाच नाव दिलं होतं. ही त्याची पहिलीच फेरी.

चॅपलपाशी गाडी थांबली. का, ते एम्रिसलाही कळेना. थांब्याची पाटी कधीच काढून नेली होती, पण हे त्याच्या पायाला कुणी सांगितलं नव्हतं. समोर डेल्विन खाटीक उभा. गाडी आपल्यासाठीच थांबली असं समजून तो मागे बसलासुद्धा. आता त्याला उतर कसं म्हणायचं? थांब्यावरचा माणूस एम्रिसने जन्मात टाकला नव्हता.

मेंढीबाजारापाशी पाय पुन्हा ब्रेकवर दबला. तिथे पॅरी बहिणी चढल्या. थोरलीला खिडकी हवी होती, डेल्विन हलेना, ते भांडणही जुनंच. पोस्टापाशी धाकटी म्हणाली, पाकीट टाकून दोन मिनिटांत येते. ती पूर्वीही असंच म्हणायची आणि एम्रिस थांबायचा. आजही थांबला. मागे गप्पांना ऊत आला होता. एम्रिसला इतकं बरं वाटलं की घड्याळाचा त्याला विसरच पडला.

इस्पितळाच्या दारात पावणेअकरा वाजले होते. एम्रिसचं तोंड एवढंएवढंसं झालं. मिसेस प्यूंचा हात धरून तो नोंदणीच्या खिडकीपाशी गेला आणि चूक माझी आहे, बाईंना परत पाठवू नका, म्हणून गयावया करू लागला.

खिडकीतल्या मुलीने कागद पाहिला. "यांची वेळ अकराची आहे. बसा जरा."

एम्रिसने वळून मिसेस प्यूंकडे पाहिलं.

"तीस वर्षं तुझ्या बसने आलेय मी," मिसेस प्यू म्हणाल्या. "तू वेळेवर कधी पोचलायस?"

मग खुर्चीकडे जाता जाता, पूर्वी बसमधून उतरताना म्हणायच्या तसंच, मागे न बघता म्हणाल्या, "थँक्यू, ड्रायव्हर."

चार वर्षांत त्याला कुणी ड्रायव्हर म्हटलं नव्हतं. बाहेर येऊन त्याने मागच्या तिघांना सांगितलं, परतीची गाडी दोनला. तिघंही अडीचला आली आणि एम्रिस थांबलेला होता.